एकाच बाजूने झिजलेलं रीळ

१

गळाचं जुनं रीळ हातात आलं की निनियन टेल्फर आधी ते कानाशी न्यायचा. डोळ्यांचं काम नंतर. मूठ धरायची, दोन-तीन फेरे द्यायचे, आतल्या दातांची करकर ऐकायची आणि म्हणायचं, "हं." त्या "हं"मध्ये रिळाचं निम्मं वय आलेलं असे. लोकांना वाटे, हा गडी नाटक करतो. नाटक कसलं, सवय होती. एखादा शिंपी बोलता बोलता समोरच्याच्या कोटाचं कापड चिमटीत धरून बघतो ना, तशी.

ट्वीड नदीच्या काठाला अशा माणसाला कामाची वाण नव्हती. घरटी एक तरी आजोबा सॅल्मनच्या मागे उभा जन्म पाण्यात घालवून गेलेला. आजोबा गेले की त्यांचं कपाट उघडायचं, गळाच्या काठ्या पुतण्यांनी न्यायच्या आणि रिळांसाठी निनियनला फोन जायचा. हे कधीचं आणि याचं काय येईल, एवढेच दोन प्रश्न.

लेडलॉंच्या घरचा फोन मुलीने, शोनाने, केला होता. चाळिशीतली, एडिंबराला नोकरीला, बोलायला फटकळ. तिने निनियनला थेट मागच्या खोलीत नेलं आणि टेबलावरचं फडकं ओढून एका कडेला सारलं. खाली सात-आठ रिळं लखलखत होती.

निनियनचा चेहरा पडला. "कशाने घासलीत?"

"पितळेच्या पॉलिशने. काल दिवसभर खपत होते. नखं बघा माझी!"

त्याने कपाळाला हात लावला. "अहो बाई, यांच्या अंगावर काळपट लेप होता ना, त्यात यांचं वय होतं. ते तुम्ही पुसून टाकलंत. आता ही रिळं नव्हेत, चहाच्या किटल्या झाल्या."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून कुणीतरी खुदकन हसलं. "मी सांगितलं होतं तिला. पण आमच्या बाईसाहेबांना चकाकल्याशिवाय काही स्वच्छ वाटतच नाही."

ती शोनाची आई. एफी लेडलॉ. सत्तरीच्या आसपासची बाई, ताठ बसलेली, मांडीवर लोकरी शाल. शालीखाली दोन्ही हातांनी काहीतरी धरलेलं.

"एक वाचवलंय मी," त्या म्हणाल्या. "याला हात लावू दिला नाही तिला."

२

शालीतून निघालं ते रीळ मध्यम आकाराचं, सॅल्मनसाठी असतं तसं. काळपट लेप जागच्या जागी. निनियनला जरा बरं वाटलं.

"याची किंमत मला नको, बाळा," एफीबाई म्हणाल्या. निनियन पंचावन्नचा होता, पण त्यांनी पहिल्याच वाक्यात त्याला बाळ करून टाकला. "हे कधीचं आहे तेवढं सांग. म्हणजे हे माझ्या नवऱ्याचं, रॉरीचं, आहे का नाही ते कळेल."

"आई, झालं का सुरू पुन्हा?" शोना म्हणाली.

"तू गप. चहा ठेव."

शोना चहा ठेवायला गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली, आणि एफीबाईंनी सांगितलं. शोना रांगत होती तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबरातल्या एका सकाळी रॉरी काठी घेऊन घराखालच्या डोहावर गेला तो परत आला नाही. काठावर हे रीळ सापडलं. नुसतं रीळ. काठी नाही, टोपी नाही, माणूस नाही. शोधलं, खालपर्यंत जाळी लावली, काही हाती लागलं नाही. आणि त्याच आठवड्यात गावातल्या हॉटेलात काम करणारी एक मुलगी कुणाला न सांगता कॅनडाला निघून गेली.

"मग काय, लोकांना आयतं मिळालं," एफीबाई म्हणाल्या. "चर्चमध्ये विधवांच्या बाकावर बसावं तर बाया एकमेकींकडे बघायच्या. नवऱ्यावाल्यांच्यात बसावं तर नवरा कुठाय? शेवटी मी मागे, दाराशी बसायला लागले. अजून तिथेच बसते."

"पण रिळाचं काय?" निनियनने विचारलं.

"रॉरीने ही जन्मली त्या वसंतात कोरं करकरीत रीळ घेतलं होतं. जीव होता त्याचा त्याच्यावर. पण बाहेरून अगदी तसंच दिसणारं रीळ त्याआधी पंचवीस-तीस वर्षं विकायला होतं म्हणे. लोक म्हणाले, त्याने बाजारातून एक जुनं आणलं, काठावर टाकलं आणि स्वतःचं घेऊन पळाला."

"नुसते लोकच नाही, मीही म्हणते," शोना म्हणाली. "बुडणारा माणूस रीळ सोडवून काठावर ठेवून बुडतो का?"

निनियनने दोघींकडे पाहिलं. "मग इतकी वर्षं कुणाला दाखवलं का नाहीत?"

"धीर झाला नाही रे." एफीबाईंनी रिळावरून अंगठा फिरवला. "आता ही मला तिच्याकडे घेऊन चाललीये. घर विकतोय. जायच्या आधी कळायला हवं ना, मी कोण म्हणून जातेय ते. विधवा, का टाकलेली?"

निनियनने रीळ त्यांच्या हातातून अलगद घेतलं. आजवर लोकांनी त्याला रिळांची वयं आणि किमतीच विचारल्या होत्या.

३

"दिव्याच्या उजेडात मी वय सांगत नाही," तो म्हणाला. "धातूचा रंग फसवतो. हा पडदा सरकवू का?"

एफीबाईंनी लेकीकडे पाहिलं. मग शोना म्हणाली, "नदीकडचे पडदे आमच्याकडे उघडत नाहीत, मिस्टर टेल्फर."

"उघडू दे त्याला," एफीबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ केली. "मी इकडे तोंड करून बसते. एकदाचं होऊन जाऊ दे."

पडदा जड होता, कड्या गंजलेल्या. ओढल्यावर दुपारचा करडा उजेड खोलीत आला. खाली बागेची भिंत, मग उताराचं कुरण आणि त्यापलीकडे डोह. निनियनने नदीकडे फारसं पाहिलं नाही. जन्मभर तीच बघत आला होता.

त्याने रीळ खिडकीशी, टेबलाच्या टोकाला नेलं. पहिली गोष्ट त्याला खटकली ती दोरी. बाकीची रिळं रिकामी होती, तशीच असायला हवीत. थंडीआधी रेशमी दोरी उतरवून, वाळवून डब्यात ठेवायची रीतच आहे, नाहीतर ती कुजते. या रिळावर मात्र दोरी होती. निम्मं भरलेलं. टोक सुटं, टेबलावरच्या फडक्यावर लोंबत पडलेलं.

"ही उतरवली नाहीत कधी?"

"ते काम रॉरीचं. मला कुठे येतं? मी नुसती फिरवते. तेल गोठू नये म्हणून दर रविवारी चर्चहून आलं की सगळ्या रिळांना थोडे थोडे फेरे द्यायचे, ही त्याची शिस्त. त्याच्यामागे मी चालू ठेवली."

"सूप निवतं, पण रिळं फिरतात," शोना म्हणाली. "लहानपणापासून बघतेय."

निनियन हसला आणि सवयीने, काही विचार न करता, त्याने रीळ कानाशी नेऊन मूठ फिरवली. एक फेरा. दुसरा.

करकर छान होती. पण मूठ जड होती. गोठलेल्या तेलाचं जडपण त्याला पाठ होतं. ते सुरुवातीला अडवतं आणि मग सोडतं. हे सोडत नव्हतं. दोरीला काहीतरी बांधलंय आणि ते तळाशी घासत, नाखुशीने येतंय, असं. त्याने टोकाकडे पाहिलं. टोक सुटंच होतं. आणि दोन फेरे गुंडाळूनही ते होतं तिथेच फडक्यावर पडलेलं.

दोरीचे थर आतल्या आत सरकले असणार, त्याने स्वतःला सांगितलं. जुनं रेशीम चिकट होतं, असं होतं कधीकधी. दोरी बोटांना ओली लागली, तेव्हा म्हणाला, हात गार पडलेत आपले.

त्याने मधला स्क्रू सोडवून रीळ उघडलं. आतल्या कडेवर कारागिराने ठोकलेलं एकच अक्षर आणि खाली स्प्रिंग. ते अक्षर आणि ती स्प्रिंग एकत्र फक्त एकाच हंगामात निघाली होती.

"शोनाबाई, तुमचा जन्म कधीचा?"

तिने साल सांगितलं. तेच.

निनियन काही बोलणार, तेवढ्यात त्याची नजर जिभलीवर गेली आणि तो थांबला.

रिळाच्या आत दातेरी चाक असतं आणि चाकाच्या दातांत अडकलेली लोखंडाची एक छोटी जिभली. करकर तिचीच. दोरी गुंडाळली की दात जिभलीला एका बाजूने घासतात. मासा दोरी ओढून पळाला की दुसऱ्या बाजूने. वापरलेल्या प्रत्येक रिळात दोन्ही बाजू झिजतात. जेवढी दोरी जाते तेवढीच परत येते, त्याला इलाज नाही.

या जिभलीची जायची बाजू जवळजवळ कोरी होती. यायची बाजू अर्ध्याच्या वर खाऊन गेली होती.

४

समजूत घालायला निनियनला वेळ लागला नाही. बाई रविवारी नुसती पुढे फिरवते, मागे नाही. मग एकच बाजू झिजणार. सोपं आहे.

त्याने चकाकणाऱ्या रिळांतलं एक उघडलं, मग आणखी एक. त्यांनाही त्याच बाईने, तितकेच रविवार, तसंच फिरवलेलं. त्यांच्या जिभल्यांवर यायच्या बाजूला बारीकशी चमक होती, बस्स. रिकाम्या फिरवण्याने लोखंड एवढं खात नाही. त्याला ओझं लागतं.

"काय रे, काय झालं?" पाठमोऱ्या एफीबाईंनी विचारलं.

"काही नाही. बघतोय."

त्याने रीळ पुन्हा जोडलं. परत एक फेरा द्यायचा, जडपणा कुठून येतो ते हेरायचं, असं ठरवलं. कारागीर असंच करतो. मूठ धरताना डोळे सहज खिडकीबाहेर गेले.

डोहाच्या मध्यावर, किंचित अलीकडे, पाण्यावर एक चुणी होती. खाली खडक असला की पाणी त्यावरून जाताना पडते तशी. नदीत चुण्या असतात. त्याने फेरा दिला.

चुणी अलीकडे सरकली.

तो थांबला, तीही थांबली. पाणी तिच्या दोन्ही अंगांनी वाहत राहिलं.

ओंडका असेल, निनियन मनाशी म्हणाला. वरून वाहून आला असेल. पण वाहता ओंडका नदीबरोबर जातो, नदीला आडवा घराच्या दिशेने येत नाही. त्याने टेबलावरचं दुसरं रीळ उचललं, डोळे नदीवर ठेवून भराभर फिरवलं. चुणी जागची हलली नाही. मग परत पहिलं रीळ. अर्धाच फेरा. हाताला ओढ लागली आणि चुणी हातभर अलीकडे आली.

त्याने रीळ अगदी हलकेच खाली ठेवलं.

रविवार आठवले त्याला. चर्चहून आलेली बाई, बंद पडदा, सूप निवतंय, आणि ही बिचारी मन लावून नवऱ्याची शिस्त पाळतेय. थोडे थोडे फेरे. हिने एकदाही खिडकीबाहेर पाहिलेलं नव्हतं.

५

"बाळा," एफीबाई म्हणाल्या, "जे असेल ते सांग. माझी तयारी आहे."

खरं म्हणजे एकच वाक्य पुरलं असतं. *हे रीळ जुनं आहे, तुमच्या यजमानांचं नाही.* त्यांनी ते टाकून दिलं असतं. निनियनने ते पिशवीत घालून दूर नेलं असतं आणि कुणीही कधीही मूठ फिरवणार नाही अशा ठिकाणी कुलपात ठेवलं असतं. तो खरोखर तेच बोलायला निघाला होता. पण मग ही बाई एडिंबराला टाकलेली म्हणून जाणार, तिथेही कुठल्यातरी दाराशी बसणार आणि तशीच मरणार. त्याची जीभ रेटेना.

काहीतरी करायचं म्हणून त्याने रीळ उलटं केलं. खाली पितळी पाय असतो, काठीला बांधायचा. त्याचं एक टोक कानशीने घासून बारीक केलेलं दिसलं. ओरखडे उजवीकडून डावीकडे उतरलेले, सगळेच्या सगळे. आणि इथे सवयीने त्याचा घात केला. समोर खूण दिसली आणि तोंडातून प्रश्न निसटून गेला.

"तुमचे यजमान डावखुरे होते का हो?"

शोना दारापासून पुढे आली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. हा पाय डावखुऱ्या माणसाने घासलाय."

"काठीत बसत नव्हतं ते," एफीबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "नवं आणलं त्याच दिवशी. स्वयंपाकघरात बसला होता घासत. मी म्हटलं, अरे, पिठात पडतोय तुझा भुगा! तर म्हणतो, पडू दे, पोरगी पितळेसारखी टणक होईल." त्या थांबल्या. "मी विसरले होते हे. कशी विसरले मी?"

आता मागे फिरणं नव्हतं. "साल जुळतंय," निनियन म्हणाला. "आतली खूणही जुळते. हे त्यांचंच आहे, मिसेस लेडलॉ."

एफीबाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. त्या रडल्या ते मोठ्याने, लाज न धरता. मधेच हसत होत्या. "सोडून नव्हता गेला तो मला. ऐकलंस, शोना? मेला होता गं बिचारा! इथे, दारात मेला होता, आणि मी त्याला कॅनडात बसवून शिव्या घालत होते."

त्यांनी शालीच्या टोकाने डोळे पुसले आणि मान ताठ केली. "झालं. आता मला ते नको. घेऊन जा, बाळा. बाकीच्या किटल्यांबरोबर हेही वीक."

निनियनच्या जिवात जीव आला. चला, वाचलो. त्याने पिशवीकडे हात नेला आणि वळून बघतो तर रीळ टेबलावर नव्हतं.

६

ते शोनाच्या हातात होतं. ती टेबलाशी बसली होती.

"मी त्याला कधी बाबा म्हटलं नाही," ती म्हणाली. "शाळेत पोरं चिडवायची, तर त्यांच्यापेक्षा घाण शिव्या मीच द्यायचे त्याला. काल ही सगळी घासताना मनात काय होतं माहितीये? विकून टाकू एकदाची, त्याचं काही म्हणून राहायला नको."

"तुला काय माहीत होतं?" एफीबाई म्हणाल्या.

"आई रविवारी बसायची फिरवत आणि मी हसायचे." तिने मूठ धरली. "एकदा मला फिरवू दे."

"नका," निनियन म्हणाला.

"का?"

काय सांगणार? "जिभली झिजलीये. तुटेल."

"तुटू दे. माझ्या बापाचं आहे ते, तुमचं नाही."

तिने फिरवलं. एफीबाईंसारखं थोडं थोडं नाही. आईच्या आयुष्यातले सगळे रविवार एका बैठकीत भरून काढायचे असावेत, तसं. करकर खोलीभर झाली. सुटं टोक फडक्यावर तसंच पडून होतं आणि दोरीतून पाणी निघून शोनाच्या मनगटावरून बाहीत उतरत होतं. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आई, एवढं जड का आहे हे?"

"जडच आहे ते," एफीबाई शांतपणे म्हणाल्या. "आधी तर हलायचंच नाही. मला वाटायचं, माझ्याच हातात जोर नाही."

निनियन खिडकीशी गेला. पडदा ओढावा म्हणून गेला, पण हात कापडावर तसाच राहिला.

चुणी उथळात आली होती. तिथे पाणी घोट्याएवढं. तिथे मांजरसुद्धा लपणार नाही, आणि तरी चुणी येत होती आणि तिच्याखाली काही नव्हतं. मग कुरणाच्या कडेला गवत दबलं. रुंद, ओल्या पट्ट्यात, हळूहळू, वर. गवताचा पट्टा बागेच्या भिंतीपर्यंत आला. तिथे तो अडला आणि शोनाच्या हातातली मूठही अडली.

"अडकलं," ती म्हणाली.

"जोर कर," एफीबाई म्हणाल्या.

"शोनाबाई, देवाशपथ, सोडा ते!"

तिने उठून, छातीशी रीळ धरून, दोन्ही हातांनी जोर केला. आत काहीतरी कट्‌कन वाजलं. भिंतीच्या पलीकडे जे इतका वेळ आडवं होतं ते भिंतीला धरत धरत उभं राहिलं.

निनियनने पाहिलं. पुरतं पाहिलं असं नाही. भिंत छातीपर्यंत होती आणि उजेड कमी झाला होता. पण जन्मभर त्याने एकच काम केलं होतं. वस्तू दिसली की मन आपोआप हिशेब करायचं: वरचा थर किती जुना, खालचा किती, कुठे कशाने खाल्लंय, किती वर्षं पाण्यात होतं. आताही मन हिशेब करू लागलं, आणि त्याला ते थांबवता येईना.

मागे करकर थांबली होती. शोना धापा टाकत होती.

"टेल्फर," एफीबाई म्हणाल्या. त्या अजून पाठमोऱ्याच होत्या, पण हात केसांवरून फिरत होता, क्लिपा नीट करत होता. "तू खिडकीशी आहेस ना? मला सगळं समजतंय, बरं का. मी वेडी नाही. एवढंच सांग. मी तर ही अशी म्हातारी झाले. तो फार म्हातारा झालाय का रे?"

निनियनने पडदा ओढला. कड्या दांडीवरून खरडत गेल्या आणि शेवटची कडी जागेवर बसेपर्यंत त्याने हात काढला नाही.

"नाही हो," तो म्हणाला. "गेले तेव्हा होते, तसेच आहेत."

वय सांगताना तो खोटं बोलला तेवढा एकदाच. एफीबाईंचा चेहरा असा खुलला की त्याला तिकडे बघवेना.

"बघ," त्या शोनाला म्हणाल्या, "म्हटलं नव्हतं मी, तुझा बाप देखणा होता म्हणून? जा, मागचं दार उघड. कडी आतली आहे, बाहेरून त्याचा हात पोचायचा नाही."